जुस्तिनोच्या बुटावरच्या चार रेघा

लोक म्हणतात, जुस्तिनोचं नशीबच फुटकं. मी म्हणतो, नशीब बरं होतं, मोची दीडशहाणा निघाला. तो मोची म्हणजे मी, झेफेरिनो. लिस्बनपासून लांब उत्तरेला, समुद्रकाठच्या पोव्हुआ गावच्या कोळीवाड्यात माझं दुकान होतं आणि रविवारी आमच्या क्लबाच्या खेळाडूंचे बूट सांभाळायचं काम माझ्याकडे असायचं. पगार नाही, सामना फुकट बघायचा आणि जिंकलो तर पेलाभर वाइन.

तेव्हाचे बूट म्हणजे काळे, जाड, तळाला चामड्याचे गट्टू ठोकलेले. चिखलात एकदा बरबटले की कुठला कोणाचा कळायचं नाही. निम्म्या पोरांना स्वतःचं नावही वाचता येत नव्हतं, म्हणून मी प्रत्येकाच्या टाचेवर त्याच्या घराची खूण कोरायचो. आमच्यात होडीवर, जाळ्यावर, वल्ह्यावर, मेल्यावर थडग्यावरही घराची खूण असते. मूळ खूण मिळते धाकट्या मुलाला, कारण म्हाताऱ्यांना शेवटपर्यंत तोच सांभाळतो. थोरले वेगळं घर मांडतात तेव्हा बाप त्यांच्या खुणेला रेघा जोडून देतो. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, असं.

जुस्तिनो हा होडीचा तांडेल बेल्मिरो याचा चौथा आणि धाकटा. त्यांची खूण गळ आणि त्यावर फुली. पोरगा डाव्या बगलेवर खेळायचा. आमचं मैदान समुद्राला लागून. उत्तरेचा वारा असा की चेंडू मारला पुढे आणि आला कानावर. त्या वाऱ्यात जुस्तिनो चेंडू बरोब्बर गोलासमोर आणून टाकायचा. चेंडू आधी समुद्राकडे निघाल्यासारखा वाटायचा, मग वारा त्याला वळवून आणायचा. समोरचे पाहुणे तोंड वासून उभे राहायचे आणि आम्ही टोप्या उडवायचो. काय दिवस होते ते! तेवढा आनंद मला पुढे कशात झाला नाही.

एकोणसाठ साली लिस्बनच्या एका क्लबाचा माणूस आला आणि एकोणीस वर्षांच्या जुस्तिनोला करार देऊन गेला. बेल्मिरो भडकला. तीन थोरले आधीच वेगळे झालेले, होडीवर आता हाच एक. भर गुत्त्यात तो ओरडला, "जा, पळ चेंडूमागे! खूण मी अमांदियोला देतो." अमांदियो म्हणजे तिसरा, तीन रेघांवाला.

दुसऱ्या दिवशी जुस्तिनो नवे बूट घेऊन दुकानात आला. चेहरा पडलेला.

"काका, आता ह्यावर काय कोराल?"

मी गप्प बसायला हवं होतं. "बाप रागाने बोलला, चार दिवसांनी विसरेल," एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण माझी जीभ कधी गप्प बसली आहे?

"सोपं आहे," मी म्हणालो. "बापाने मूळ खूण काढून घेतली. तुझ्या आधी तीन, तेव्हा तुला चार रेघा."

"चार रेघांचा धाकटा कोणी पाहिलाय का?"

"लिस्बनला कोण मोजतंय!"

"कोरा मग," तो म्हणाला, आणि मी कोरल्या. आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल की रेघ वाढवून देतो तो बाप. मुलाने स्वतः होऊन रेघ घातली, तर ती बापाच्या जिवंतपणी वाटणी मागितल्यासारखी होते. हे मला ठाऊक होतं. त्या क्षणी सुचलं नाही.

त्या रविवारी जुस्तिनो आमच्याकडून शेवटचा सामना खेळला, गोलही केला. नंतर मी बूट पुसून बाकावर ठेवत होतो, तर समोर बेल्मिरो. डोक्याला सणाची टोपी, दाढी गुळगुळीत. जन्मात मैदानावर न आलेला माणूस. पोराला निरोप द्यायला आला होता, हे आंधळ्यालाही कळलं असतं. त्याने एक बूट उचलला, टाचेवरचा चिखल अंगठ्याने पुसला आणि रेघा मोजल्या.

"हे कोणाचे?"

"जुस्तिनोचे," मी म्हणालो.

"आमच्या घरात असा कोणी नाही." बूट जिथला तिथे नीट ठेवून तो निघून गेला. आत जुस्तिनो बादलीने अंगावर पाणी ओतत मोठ्याने गात होता.

मी त्याला सांगितलं नाही. सकाळची गाडी आहे, कशाला पोराचं मन मोडा, असं स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर माझी टरकली होती. नंतर दर वर्षी सांगणं जास्तच अवघड होत गेलं.

लिस्बनला तीन वर्षांत त्याला अकरा सामने मिळाले. तिथल्या मैदानाला चहूकडून उंच भिंती, वारा नाही. तो सवयीने चेंडू समुद्राकडे मारल्यासारखा बाहेर मारायचा आणि चेंडू बाहेरच जायचा. लोक हसायचे. पेपरात एकदा फोटो आला, त्यात त्याचं अर्धंच तोंड होतं. तो फोटो त्याच्या आईने, कोन्स्तान्साने, मक्याच्या भाकरीच्या डब्यात जपून ठेवला होता. मग सेतुबालला चार वर्षं, तीच त्याची बरी वर्षं. तिथे मासळीचा वास होता, थोडाफार वारा होता. पुढे आलेन्तेजूतल्या एका गावात. मैदान म्हणजे नुसती माती, उन्हात विटेसारखी भाजलेली. तिथे गुडघा गेला.

कोन्स्तान्साला वाचता येत नसे, म्हणून त्याची पत्रं माझ्या पत्त्यावर यायची. मी वाचायचो, ती डोळे पुसायची. प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच ओळ, "बाबा काय म्हणतात?" तिच्या सांगण्यावरून मी लिहायचो, "बरे आहेत." उन्हाळ्यात तो आठ दिवस घरी यायचा. जेवायला बापलेक समोरासमोर बसायचे आणि "मीठ दे" यापलीकडे शब्द नाही. जाताना तो नवा जोड घेऊन माझ्याकडे यायचा. "काका, नेहमीची खूण." मी कोरायचो. आणि बेल्मिरोने खूण अमांदियोला दिलीच नव्हती. अमांदियोच्या जाळ्याला त्या सगळ्या वर्षांत तीनच रेघा होत्या. मला ते रोज दिसायचं.

सत्तर साली जुस्तिनो लंगडत परत आला. पुढच्या वर्षी देओलिंदाशी लग्न ठरलं. ती मासळी विकायची आणि तिची जीभ माझ्यापेक्षा तिखट. आमच्यात लग्न लागलं की नवरा देवळाच्या मागच्या खोलीत जाऊन तिथल्या जुन्या मेजावर आपली खूण कोरतो. सही नाही, कागद नाही. मेजावर खूण उमटली की झालं. आता सगळ्या वाड्याला एकच घोर: हा कुठली कोरणार? चार रेघा मेजावर उतरल्या की कायमच्या. मग मूळ खूण घ्यायला कोणी उरत नाही, बेल्मिरोच्या थडग्यावरच ती संपली.

खोलीत आम्ही सातआठ जण. बेल्मिरो कोपऱ्यात छताकडे बघत उभा. जुस्तिनोने सुरी घेतली, गळ कोरला, फुली कोरली. मग सुरी रेघेच्या जागी टेकली आणि त्याचा हात थांबला.

"अहो, कोरा की पटकन," देओलिंदा म्हणाली. "शेगडीवरच्या तारल्या जळताहेत बाहेर."

बारा वर्षं गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

"थांब रे!" मी ओरडलो. "बेल्मिरो, त्या रेघा माझ्या डोक्यातून निघाल्या. पोराने वाटणी नव्हती मागितली. मीच त्याला सांगितलं, आणि तू त्या दिवशी मैदानावरून परत गेलास तरी मी तोंड उघडलं नाही."

बेल्मिरोने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "कोरल्यास तू. पण घालून कोण हिंडला? एक तप!"

जुस्तिनोला मात्र रेघांचं काही पडलं नव्हतं. तो बापाकडे टक लावून बघत होता.

"बाबा, तुम्ही मैदानावर आला होतात?"

"आलो होतो."

"सामना पाहिलात?"

"पाहिला."

"माझा गोल?"

"गोल कसला! त्यांचा गोलकीपर घसरला." बेल्मिरो घुटमळला, मग आवाज चढवून म्हणाला, "आणि सेतुबालला तरी काय दिवे लावलेस? तीनदा मोकळा होतास, तिन्ही वेळा चेंडू आभाळात!"

कोन्स्तान्सा हळूच म्हणाली, "सेतुबालला? तुम्ही तर दोर आणायला गेला होतात."

"दोरही आणला."

जुस्तिनोच्या हातातली सुरी मेजावर पडली. "तिथवर आलात बाबा, आणि मला हाक नाही मारलीत?"

म्हाताऱ्याने टोपी हातात घेतली, उलटसुलट केली. "तुझ्या टाचेवर अजून त्या रेघा आहेत का, तेवढं बघायचं होतं. नसत्या तर मारली असती हाक. लांबून दिसेना."

जुस्तिनो नव्या सुटात तसाच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. बेल्मिरोने सुरी उचलली, मिटली आणि स्वतःच्या खिशात टाकली. मेजावर गळ आणि फुली तेवढी राहिली.

सगळे तारल्या खायला बाहेर गेले. मी मागे थांबलो. सेतुबालला त्या दिवशी बेल्मिरोला टाच दिसली असती आणि तिच्यावर रेघा नसत्या, तर बापलेक किती वर्षं आधी भेटले असते. पण त्या असणारच होत्या. दर उन्हाळ्याला सुरीला धार लावून मीच त्या नव्या जोडावर कोरून देत होतो, चांगल्या खोल.