तिताच्या स्टॉलवरचा जळफळाट

ऑफिसातले किस्से घरातल्या प्लास्टिकच्या डब्यांसारखे असतात. कुणी मुद्दाम जमवत नाही, पण कपाट उघडलं की धाडधाड अंगावर पडतात! माझ्याकडचे सगळे एकाच जागेचे आहेत. जर्सी सिटीत आमच्या कॉलेजच्या कॅम्पसवर महिन्याच्या पहिल्या शनिवारी कम्युनिटी बाजार भरतो, आणि त्यात असतो नोर्मा तिताचा फिलिपिनो स्टॉल. तिता म्हणजे त्यांच्याकडची मावशी. आठवडाभर ती हॉस्पिटलात नर्स, शनिवारी हलवाई. मागे फोल्डिंगच्या खुर्चीत तिचे मिस्टर पेपर वाचत बसलेले.

मी तिथल्या लायब्ररीत काम करते. आणि आधीच सांगून टाकते, हे सगळे किस्से मी जळून सांगतेय. उगाच मोठेपणा नाही!

* * *

मेधा आमच्या ॲडमिशन ऑफिसात, पुण्याची, कट्टर शाकाहारी. तिला तिताकडे पहिल्यांदा नेलं मी, हे लक्षात ठेवा! "यात फिश आहे? यात? मग यात अंडं?" करत तिने वीस मिनिटं रांग अडवली. शेवटी तुरोन घेतले. केळं आणि फणस पातळ पारीत गुंडाळून साखरेत तळतात, ते. वर घासाघीस! मी शरमेने बाजूला सरकले. मग तेवढेच तुरोन मी पूर्ण किमतीला घेतले, सुटेही परत घेतले नाहीत.

तिताने मेधाच्या पिशवीत आणखी दोन टाकले. "फॉर माय सुकी!"

सुकी म्हणजे त्यांच्याकडे ठरलेलं गिऱ्हाईक. ज्याच्यासाठी चांगला माल बाजूला काढून ठेवतात.

आणि मला? "थँक यू, मॅम."

आता तुम्ही म्हणाल, दोन तुरोनसाठी एवढं काय! तुरोनचं नाही हो. नागपूरला इतवारीतला माझा किराणावाला मला लांबून बघून ओरडायचा, "ताई, चिवड्याचे पोहे काढून ठेवले तुमच्यासाठी!" इथे अकरा वर्षं झाली. माझ्यासाठी कुणी काही बाजूला काढून ठेवलेलं नाही. मला फक्त तेवढंच हवं होतं.

* * *

देशमुख काका केमिस्ट्री लॅबमधून रिटायर झाले, पण बाजार चुकवत नाहीत. तिताकडे पुतो मिळतो, तांदळाच्या पिठाचा, वाफवलेला, दिसायला थेट इडली. एका शनिवारी काकांनी घरून थर्मासमध्ये सांबार आणलं आणि स्टॉलसमोरच पुतो बुडवून खायला लागले! मी म्हटलं, झालं, आता हाकलणार यांना.

तिताने चमचा उचलला. सांबार चाखलं. मग स्वतःच एक पुतो बुडवला. "पुढच्या वेळी जास्त आणा, सुकी!"

घ्या! काकासुद्धा!

"कशी आहे हो इडली?" मी तोंड वाकडं करून विचारलं.

"गोड आहे. पण काकूला सांगू नकोस, तिच्या इडलीपेक्षा मऊ आहे!"

* * *

आमच्या ह्यांनी तर हद्द केली. मला घ्यायला आले, स्टॉलपाशी दहा मिनिटं उभे राहिले, आणि पार्किंगमध्ये आले ते हातात फुलझाडू घेऊन! अस्सल, मऊ गवताचा, विणलेल्या मुठीचा. इथल्या प्लास्टिकच्या ब्रशने झाडून झाडून माझा जीव गेलाय, आणि असा झाडू मी त्या स्टॉलवर कधी बघितलाच नव्हता.

"कुठून मिळाला हो?"

"टेबलाखाली होता. तिता म्हणाली, तुमच्यासाठी ठेवलाय."

"तुमच्यासाठी? तुम्ही जन्मात कधी झाडू धरलाय?"

महिनाभर केर त्यांनीच काढला. मी हात लावला नाही.

* * *

मग काकांकडून कळलं की फिलिपिनो लोकही बोहनी मानतात. पहिल्या गिऱ्हाइकाची नोट मालावरून फिरवली की दिवस चांगला जातो म्हणे. बाप्पा! मग काय, बाजार नऊचा आणि मी साडेसातला हजर. थंडीने दात वाजतायत, पण सगळ्यांत पुढे मी!

आणि पर्समध्ये नोटच नाही. फोनवरून पैसे पाठवले. तिता क्षणभर विचारात पडली. मग तिने माझा फोनच उचलला आणि तुरोनवरून, पुतोवरून, डुकराच्या लसणी सॉसेजवरून मनोभावे फिरवला!

माल अकराच्या आत संपला. फोनला आठवडाभर लसणाचा वास. दहाला मेधा डुलत डुलत आली. "सुकी! आलीस?" आणि मला? "बाय, मॅम!" मी पिशवी इतकी जोरात आपटली की मिस्टरांनी पेपरातून मान वर काढली.

* * *

त्यांचा ख्रिसमस सप्टेंबरातच सुरू होतो, त्यामुळे तिताचे शिंपल्यांचे चांदणी-कंदील दिवाळीच्या आधीच स्टॉलवर येतात. पहिल्यांदा बघून मीच ओरडले होते, "अगं, आकाशकंदील!" नेला कुणी? मेधाने! मोठा एकच येतो, आणि दरवर्षी तो तिच्यासाठी ठेवलेला. फराळाला तिच्याकडे गेलं की सगळे बाल्कनीत माना वर करून, "काय देखणा गं!" मी शंकरपाळे चावत म्हणते, "जरा भडकच आहे." घरी माझा कागदाचा, तीन वर्षं जुना, एक कोपरा चिकटपट्टीने धरलेला.

* * *

गेल्या दिवाळीच्या आधीचा बाजार. मी पुन्हा साडेसातला. तिता नव्हती, हॉस्पिटलात ड्युटी लागली होती. एकटे मिस्टर. टेबलाखाली मोठा खोका, त्यातून शिंपल्यांचं एक टोक दिसत होतं.

"हा द्या."

त्यांनी खोक्यावरची चिठ्ठी बघितली, मान हलवली. "सॉरी. ठेवलेला आहे."

मग माझा तोल सुटला. "कुणासाठी? मेधासाठी ना? घासाघीस तिने करायची आणि कंदीलही तिनेच न्यायचा? चार वर्षं येतेय मी! पूर्ण पैसे देते, थंडीत उभी राहते, फोनला लसूण लावून घेते! काका सुकी, आमच्या ह्यांना झाडू, आणि मी कोण? मॅम?" अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. मधेच रडू आलं, त्याचा आणखी राग आला.

मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा मिस्टरांनी चष्मा लावला, चिठ्ठी पुन्हा वाचली, माझ्याकडे नीट बघितलं. आणि खोका उचलून माझ्या हातात दिला. नावसुद्धा विचारलं नाही.

चिठ्ठी अजून माझ्या फ्रिजवर आहे. तिताच्या अक्षरात, मिस्टरांसाठी लिहिलेली: "सगळ्यांत आधी एक बाई येईल, चिडलेली. हा तिच्यासाठी. नाव माहीत नाही, पण ओळखू येईल."