पांढऱ्याखालचा रंग

लग्न होऊन मी चिंचवडला आले तेव्हा घरात माणसं तीन आणि ससे बावीस होते. सशांचं मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या अंगणात तोंड धुवायला गेले, तर भिंतीला लागून खोक्यांची रांग, पुढे जाळी, आणि प्रत्येक जाळीमागे लाल डोळ्यांचा एक पांढरा गोळा नाक हलवत माझ्याकडे बघतोय.

आणीबाणीच्या दोनेक वर्षं आधीची ही गोष्ट. माझे सासरे, मी त्यांना मामंजी म्हणत असे, पिंपरीतल्या एका कंपनीच्या पेंट शॉपमधून निवृत्त झाले होते. रिकामं बसणं त्यांना जमेना. कुठल्याशा सरकारी केंद्रातून त्यांनी पांढऱ्या सशांच्या दोन जोड्या आणल्या आणि कंपनीतून भंगारात निघालेल्या लाकडी खोक्यांचे पिंजरे स्वतः ठोकले. मटण घरात आणि ओळखीपाळखीत जायचं. कातडी पुण्याच्या कॅम्पातला एक व्यापारी न्यायचा. त्याची अट एकच: कातडं शुभ्र हवं. पांढऱ्याला हवा तो रंग देता येतो.

सासूबाईंनी सशाचं मटण स्वयंपाकघरात कधी येऊ दिलं नाही. रस्सा मागच्या पडवीत स्टोव्हवर शिजायचा. पहिले काही महिने मी तो खाल्ला नाही. पण कातडी ताणायला मी लवकर शिकले. मोजा उलटा करावा तसं कातडं उलटं करून तारेच्या चौकटीवर चढवायचं आणि सावलीत वाळवायचं. नवऱ्याची शिफ्ट फिरती असायची, सासूबाई कामात असत. मग मामंजी आणि मी, दोघं न बोलता, त्या चौकटींपाशी बसलेलो असायचो. आमच्यातला तेवढाच काय तो सहवास.

सशांना चारा यायचा काळेवाडीहून. तिथले एक शेतकरी रोज सकाळी सायकलच्या कॅरियरला लसूणघासाचा भारा बांधून पवना नदीच्या पलीकडून येत. मामंजींच्याच वयाचे; मी त्यांना काका म्हणत असे. दोघांची ओळख कंपनीत झालेली. काकांनी तिथे दोन वर्षं नोकरी केली, मग "आमाला बंद छपराखाली गुदमरतंय" म्हणून सोडली. घास टाकून झाला की चहाबरोबर त्यांच्या गप्पा रंगायच्या. मामंजींना मोठ्यानं हसताना मी फक्त त्या वेळी बघितलं.

काकांकडेही चार-सहा ससे होते, काही काळे, काही रानसशासारखे करडे. एकदा त्यांनी एक काळी मादी भेट म्हणून आणली.

"भाऊ, ही घ्या. अंगानं थोराड हाय. पिल्लं मोठी देईल."

मामंजी खूष झाले. मादी काळी असली तरी नर पांढरा आहे, तेव्हा निम्मी पिल्लं तरी पांढरी निघतील असा त्यांचा हिशेब होता. आठवडाभरानं त्यांनी तिला आपल्या पांढऱ्या नराकडे सोडली. पुढे यथावकाश ती व्यायली; दिवस कुणी मोजले नव्हते. पोटाचे केस उपटून तिनं केलेल्या मऊ बिछान्यात सहा उघडी पिल्लं वळवळत होती. आठ दिवसांत अंगावर लव आली आणि मामंजींचा चेहरा उतरला. सहाच्या सहा करडी. पांढरं एक नाही, काळंसुद्धा एक नाही. हुबेहूब काकांकडच्या करड्या नरासारखी.

दुसऱ्या दिवशी काका घास घेऊन आले तेव्हा मामंजींनी चहाचं विचारलंच नाही.

"मादी गाभण होती, तर सांगायचं होतंस," ते म्हणाले.

"कोण गाभण? तिला नर दावलाच न्हाई आमी."

"मग ही पिल्लं कुणाची? आई काळी, बाप पांढरा, आणि पोरं करडी? माझा महिना वाया घालवलास. वर खोटं बोलतोस."

काकांनी भारा खाली टाकला. मग म्हणाले, "तीस वर्सं जनावरं पाळतोय मी. खोटं जनावर कुणाच्या दारात बांधलं न्हाई." आणि सायकल वळवून गेले.

त्यानंतर घास बंद झाला. मी रोज मंडईत जाऊन कोबीचा पाला आणि फ्लॉवरची पानं वेचून आणायला लागले. मामंजी पिंजऱ्यांपाशी एकटेच बसायचे. चहा दोनदा गरम करून द्यावा लागायचा.

मला मात्र ती पिल्लं सुचू देईनात. लग्न ठरलं तेव्हा मी सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला होते. वाटाण्याची उंच रोपं आणि बुटकी रोपं, आईबापांचे गुण पुढच्या पिढीत कसे उतरतात ते मांडायचे चौकोन, हे सगळं मी आवडीनं पाठ केलेलं. वह्या माहेरी ट्रंकेत होत्या. भावाला पत्र टाकून मागवून घेतल्या. स्वयंपाक आटोपला की सशांचे चौकोन मांडत बसायचे. तिसऱ्या दिवशी गणित सुटलं, तेव्हा मी पोळपाटावर हात आपटून उठले.

मामंजींशी आपण होऊन बोलायची ती माझी पहिलीच वेळ.

"मामंजी, पांढऱ्या पेंटच्या दारावर खाली कुठला प्रायमर मारलाय ते वरून कळतं का?"

"नाही कळत. का?"

"आपला नर तसाच असेल. पांढरा त्याच्या वरून आहे. खाली तो करडा आहे, फक्त दिसत नाही. आणि करड्यापुढे काळा मागे पडतो. म्हणून काळी आई नि पांढरा बाप असूनही पोरं करडी होऊ शकतात. काका खोटं बोलले नसतील."

मामंजींनी नकारार्थी मान हलवली. "पुस्तकातलं आहे हे. आणि परत तीच मादी लावून दाखवलीस तरी मी मानणार नाही. एकदा परका नर लागला की मादीच्या रक्तात राहतो तो."

हे पुस्तकात नव्हतं आणि खरंही नव्हतं, पण सासऱ्यांपुढे किती बोलायचं? म्हटलं, मग अशी मादी हवी, जिला कधीच नर लागलेला नाही.

सासूबाईंना मंडईत जाते म्हणून सांगितलं आणि पवना ओलांडून चालत काळेवाडीला गेले. तेव्हा तिथे सगळा मळाच होता. काका मोट बंद करून बसवलेल्या नव्या पंपाशी खटपट करत होते. मला एकटीला बघून घाबरले.

"सूनबाई, भाऊंना बरं हाय ना?"

"बरं आहे. मला एक काळी मादी हवी. दोन महिन्यांची, आईपासून नुकती तोडलेली."

"आन् ही बी खोटी निघाली म्हंजे?"

"नाही निघणार. खोटं कुणीच नाहीये, काका. मला ते दाखवायचंय."

त्यांना किती कळलं कोण जाणे. पण पदराखाली धरून आणलेलं ते काळं पिल्लू परतीच्या वाटेवर माझ्या हाताला गरम लागत होतं.

पुढचे चार महिने फार लांबले. मामंजींना सांगून त्या मादीचा पिंजरा मी वेगळा ठेवला, कुलूप घातलं, किल्ली मंगळसूत्राला बांधली. सासूबाई म्हणाल्या, "दागिने एवढे जपत नाहीस." उन्हाळ्यात पिंजऱ्यांवर ओली पोती टाकायची ती पहिल्यांदा तिच्यावर टाकायची. मादी वयात आल्यावर मामंजींनी स्वतः तोच पांढरा नर आणून सोडला. मी वहीत तारीख लिहिली. एकतिसाव्या दिवशी ती व्यायली. पाच पिल्लं.

दहाव्या दिवशी मामंजींनी एक पिल्लू तळहातावर घेतलं आणि त्याच्या पाठीवर हळूच फुंकर मारली. केस विलग झाले: बुडाशी राखाडी, मध्ये तांबूस, टोकाला काळे. पाचही तशीच करडी.

मामंजींनी पिल्लू खाली ठेवलं. आत जाऊन धुतलेला सदरा घातला, टोपी घातली.

"चल," म्हणाले.

मळ्यात काका वाफ्यांना पाणी देत होते. मामंजी बांधावर थांबले. त्यांना माफी मागायची सवय नव्हती.

"खोट माझ्या पांढऱ्यात होती," ते म्हणाले. "मी तुला नाही नाही ते बोललो."

काकांनी फावडं टेकवून ठेवलं. "खोट कसली, भाऊ? रंगच हाय त्यो." हातानं पलीकडे दाखवत म्हणाले, "घासाचा एक वाफा म्या तसाच राखलाय. दुसऱ्या कुणाला दिला न्हाई."

मग मामंजी मोठ्यानं हसले, पण डोळे पुसत. मी पंपाच्या धारेकडे बघत राहिले.

घरी येताना त्यांनी विचारलं, "मग त्या पिल्लांत पांढरा गेला कुठं?"

"आहे त्यांच्यात, झाकलेला. करडी मादी परत पांढऱ्या नराला लावली तर साधारण निम्मी पांढरी येतील."

पुढे त्या विणीत पिल्लं आली ती सात: चार पांढरी, तीन करडी. मामंजींनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवली. "आमच्या सूनबाईंनी आधीच सांगितलं होतं," असं प्रत्येकाला सांगत होते. त्याच दिवशी चौकटींपाशी बसल्यावर त्यांनी एकदम विचारलं, "तू पुढं का नाही शिकलीस?"

"लग्न ठरलं."

"तुला विचारलं होतं कुणी?"

"नाही."

ते कितीतरी वेळ तारेला पडलेला पीळ सरळ करत राहिले. जूनमध्ये स्वतः पुण्याला जाऊन कॉलेजचा फॉर्म घेऊन आले. सासूबाई आठ दिवस धुमसल्या. नंतर माझा डबा त्याच भरायला लागल्या. मी पदवी घेतली, मागाहून बी.एड. केलं आणि चिंचवडच्याच एका शाळेत लागले.

सशांचा धंदा काही चालला नाही. मटणाला गिऱ्हाईक वाढेना. लोक पिंजऱ्यासमोर उभे राहून "किती गोड" म्हणायचे आणि कोंबडी घ्यायला निघून जायचे. पुढे कॅम्पातला व्यापारीही येईनासा झाला. ऐंशीच्या सुमारास उरलेले ससे आम्ही काकांच्या मळ्यात नेऊन सोडले. पांढरे, करडे, काळे सगळे एकाच मोठ्या जाळीत. कुणी कुणाला लागावं याचा बंदोबस्त आता कुणी करत नव्हतं. रविवारी मामंजी सायकलवरून तिकडे जायचे आणि दुपारच्या जेवणापर्यंत यायचे नाहीत. एकदा बोलवायला गेले, तर दोघं म्हातारे जाळीला टेकून बसलेले, पुढची वीण कुठल्या रंगाची निघेल यावर वाद घालत. मला बघून मामंजी म्हणाले, "तू सांगू नकोस." मग मीही त्यांच्याशेजारी बसले आणि काही सांगितलं नाही.