सोडा कोणी दिला

शस्त्रक्रियेनंतर माझ्या पत्नीने मला एकदाच सोडा दिला. त्याआधी आणि त्यानंतर मी जो सोडा प्यायलो, त्याची तिला कल्पना नव्हती. तरीही दोष तिच्या वाट्याला आला, आणि मी दोन वर्षे मुकाट्याने तो तिथेच राहू दिला.

वजन कमी करण्यासाठी माझे जठर कापून लहान करण्यात आले, तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. वर्गात फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत जाताना मला धाप लागत असे. घरी आल्यावर सुरुवातीचे दिवस पत्नी मला औषधाच्या झाकणाने मोजून पाणी देई. पुढे मुगाचे कढण, मग मऊ भात, तोही चार घास. ती स्वतः स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच जेवून घेई. भाकरीचा वास माझ्यापर्यंत येऊ नये म्हणून दार लोटून घेई. गॅस असलेले काहीही प्यायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. तो कागद तिने फ्रीजला चिकटवला.

पाचव्या महिन्यात, ऐन उन्हाळ्यात, शाळेतून परतताना मी नवी पेठेत सोड्याच्या गाडीपाशी थांबलो. त्या काळात पोट लगेच भरे, पण जेवल्यासारखे काही वाटत नसे. कच्च्या कैरीच्या सोड्याचा पहिला घोट घशातून चरचरत उतरला, आणि कितीतरी दिवसांनी काहीतरी खाल्ल्याचा भास झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आले.

"सर, लई कडक झाला का?" गाडीवाला म्हणाला. "सावकाश की. गाडी कुटं पळून चालली न्हाय."

मी अर्धा ग्लास ठेवून निघालो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. कधी जिरा, कधी काला खट्टा, कधी संत्रे. मग ते रोजचेच झाले. घरात शिरण्यापूर्वी मी वेलदोडा चघळत असे.

एका दुपारी सोडा पिऊन घरी आलो आणि छातीखाली असे दाटून आले की मला सरळ बसवेना. पत्नी घाबरली. तिच्या माहेरी, केमला, पोट दाटले की लिंबू-मीठ घातलेला सोडा देत. ढेकर आली की माणूस मोकळा झाला, अशी तिथली समजूत. तिने फ्रीजवरच्या कागदाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"एवढासाच देते. ढेकर आली की बरं वाटेल. चालेल ना हो?"

आपण आत्ताच पिऊन आलो आहोत, हे सांगण्याची ती वेळ होती. मी होकारार्थी मान हलवली. तिच्या हातचा ग्लास घेतला आणि प्यायलो. कळ वाढली.

दवाखान्यात माझी थोरली बहीणही बरोबर होती. ती करमाळ्याहून मला बघायला आली होती. उतरलेल्या वजनातले काही किलो परत आले होते. डॉक्टरांनी विचारले, "सोडा, कोल्ड्रिंक काही घेता का?" मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तोवर पत्नी म्हणाली, "मी दिला होता, डॉक्टर. माझीच चूक." डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी शांतपणे सगळे पुन्हा समजावले, पण तिलाच. मी भिंतीवरचे जठराचे चित्र पाहत बसलो.

घरी आल्यावर बहिणीने तिला धारेवर धरले. "डॉक्टरनं पोट शिवलंय आन् तू त्यात सोडा वततीस व्हय गं?"

"चुकलं, वन्सं."

"चुकलं म्हणं! बग, कसा गप बसलाय बिचारा."

'बिचारा' हा शब्दही मी ऐकून घेतला. काही महिन्यांनी माझे सोड्याच्या गाडीवर जाणे बंद झाले. गप्प राहणे सुटले नाही.

दवाखान्यातल्या त्या दिवसापासून पत्नी मला साधे ताक देतानाही परगावी असलेल्या आमच्या मुलीला फोन करून विचारू लागली, "देऊ ना गं?" मी ते ऐकत असे. आमच्या बोळात कुणाचे पोट दुखले की लोक तिच्याकडे येत. तिच्या ओव्याच्या पाण्यावर साऱ्यांचा भरवसा. मागच्या महिन्यात शेजारच्या खाला, साऱ्या बोळाच्या मावशी, पोट धरून दारात आल्या. "भाभी, जरा ओवे का पानी देव ना. सुबह से मरोड़ हो रई."

पत्नीने ओव्याची बरणी काढली आणि न उघडताच पुन्हा फळीवर ठेवली.

"माझ्या हातचं नको, खाला. डॉक्टरला दाखवा."

"अगे, तुमारे हाथ कू क्या हुआ?" खाला हसल्या. पत्नी हसली नाही. मी बाहेरच्या खोलीत वह्या तपासत होतो. लाल पेन हातात तसेच राहिले. माझे आजारपण कधीच संपले होते, आणि तिचा स्वतःच्या हातावरचा विश्वास मी संपवला होता.

बहीण पुन्हा राहायला येईपर्यंत मी थांबलो. एकांतात बोलणे सोपे होते, पण दोष चारचौघांत लागला होता. ती आली त्या दिवशी संध्याकाळी पत्नीने चहा आणला, आणि बहीण नेहमीसारखी म्हणाली, "हिच्या हातचं जपून पी रं बाबा." पत्नीने मान खाली घातली.

मी उठून उभा राहिलो.

"अक्का, तिला पुन्हा असं बोलू नकोस. मी नवी पेठेत रोज सोडा पीत होतो. त्या दुपारीही पिऊन आलो होतो, दुखत होतं ते त्यानंच." मग पत्नीकडे वळलो. "तू डॉक्टरांपुढे स्वतःवर घेतलंस, तेव्हा मला सगळं ठाऊक होतं, आणि मी गप्प बसलो. मी तुझा गुन्हेगार आहे. मला माफ कर."