लाख कॉलची चाचणी

पानिपतच्या हातमाग डेपोचं काम मला मिळायलाच हवं होतं. नोएडातल्या दोन खोल्यांत सुरू केलेला माझा सॉफ्टवेअरचा धंदा त्यावरच उभा राहणार होता.

कापडाची कोणती गाठ कोणत्या गोदामात आहे, एवढंच प्रोग्रामने सांगायचं. स्पर्धेतल्या दुसऱ्या कंपनीने सगळं पानिपतच्याच मशीनवर बसवलं होतं. माझा मुख्य भाग दिल्लीच्या मशीनवर होता आणि पानिपतच्या मशीनने टेलिफोनच्या लाइनवरून त्याला कॉल करायचा, म्हणजे माहिती विचारायची होती. म्हणजे काही बदललं तर एकाच ठिकाणी हात घालायचा.

निवाडा करणारे अधिकारी मराठी, सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहणारे. त्यांच्या गणपतीला मी दरवर्षी जात असे. त्यांनी ठरवलं, पानिपतच्या डेपोत दोन्ही पद्धतींनी लाख-लाख कॉल करायचे आणि घड्याळ लावायचं. दुसऱ्यांचे चहा यायच्या आत संपले. जेवणाची सुट्टी सरली तरी माझे चालूच.

"साहेब, माझ्याकडे दिवसभराच्या सगळ्या गाठी एकाच कॉलमध्ये जातात. तुम्ही एकेका गाठीसाठी दिल्लीला हाक मारताय! दहा शर्ट घ्यायला बाजारात दहा खेपा घालता का?"

"मी जातच नाही, मिसेस जातात. आणि प्रोफॉर्मात लाख कॉल लिहिलंय. वरून मंजूर झालंय."

दुसऱ्या कंपनीचा इंजिनिअर हसला. "अंकल, अब मान भी जाओ."

अंकल! माझं डोकं फिरलं.

साहेबांनी आवाज खाली आणला. "एक अर्ज द्या. चाचणीची पद्धत बदलावी, ही विनंती. बिल्कुल होऊन जाईल."

"चूक तुमची आणि विनंती मी करू?"

मशीनमधली माझी फ्लॉपी काढली आणि जिना उतरलो. ऑटोवाल्याने सांगितलेलं पहिलं भाडं मी आयुष्यात कधी कबूल केलेलं नाही. त्या दिवशी मात्र साहेबांशी घासाघीस न करता निघून आलो.

काम त्यांना गेलं. मग गोदामाचा एक नंबर बदलला तरी त्यांचा माणूस फ्लॉपी घेऊन पानिपतची बस पकडायचा.

पुढच्या गणपतीला साहेबांनी मला बाजूला घेतलं. "तुमचंच बरोबर होतं हो."

"मग तसं फाइलवर लिहा."

"लिहितो की," माझ्या हातावर प्रसाद ठेवत ते म्हणाले, "पण त्याला तुमचा अर्ज लागेल."

तो मी अजून दिलेला नाही.