राघूच्या अडकित्त्याची हर्राशी

"कुणी राह्यलं का?"

उजव्या हाताचा पंजा वर धरून काका हे विचारायचे. जिंतूरच्या मोंढ्यात, तिथल्या धान्यबाजारात, त्यांनी सारी हयात सोयाबीनच्या आणि तुरीच्या हर्राशी, म्हणजे लिलाव, पुकारल्या. बोली थांबली की बाकीचे पुकारणारे एक, दोन, तीन म्हणून मोकळे होत. काका मात्र पंजा वर धरून एकेका व्यापाऱ्याच्या तोंडाकडे बघत आणि विचारत. कुणीच बोललं नाही, तरच पंजा खाली यायचा. निवृत्त झाल्यावर लग्नाच्या पंगतीत जिलबीचं ताट घेऊन फिरतानाही तो हात तसाच वर जायचा. तुमच्याही गावात असा एखादा असेल, ज्याचं काम सुटतं पण हात सुटत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि त्यांच्या समोरच्या घरात राहते. मोंढ्यातला एक किस्सा त्यांनी मला कितीदा तरी सांगितला. एक अडत्या बोलताना अडखळायचा. त्याचा आकडा तोंडातून बाहेर पडेपर्यंत ढिगाभोवती हशा पिकायचा. काका सगळ्यांना दटावून गप करायचे आणि त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत पंजा खाली आणायचे नाहीत. ते पुरं झालं, की तोच आकडा तसाच अडखळत, खड्या आवाजात पुकारायचे. मग आधीपेक्षा मोठा हशा व्हायचा. त्या अडत्याला माल मिळायचा, आणि मान खाली घालून तो पोती मोजायला लागायचा.

"न्याव केला का न्हाई, बाई?" काका विचारायचे.

न्याय तर झालेलाच असायचा. पण मला ती खाली घातलेली मानच दिसायची.

निवृत्तीनंतर त्यांना जुन्या अडकित्त्यांचं वेड लागलं. बैठकीतल्या भिंतीवर मोर, हत्ती, नवरा-नवरी अशा घाटांचे पितळी अडकित्ते ओळीनं लावलेले होते. काकू त्यांना रोज केसासारखी बारीक सुपारी कातरून द्यायच्या, पण ती स्वयंपाकघरातल्या साध्या लोखंडी अडकित्त्यानं. भिंतीवरच्यांना हात लावायची त्यांना मुभा नव्हती. "तिला काय कळतंय त्यातलं," काका त्यांच्यासमोरच म्हणायचे. काकू सुपारीची वाटी ठेवून आत जायच्या.

जुन्या वस्तूंची हर्राशी मोबाइलवरही होते हे कळल्यावर त्यांनी माझ्याकडून ॲप घालून घेतलं. घोड्याच्या तोंडाचा एक अडकित्ता दिसला, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी आपला सगळा आकडा लावून टाकला. "मर्द माणसानं उघड बोली लावावी." आठवडाभर त्यांचं नाव वर होतं. वेळ संपायला डोळ्याचं पातं लवायचा अवकाश असताना दुसरंच नाव वर आलं, आणि हर्राशी बंद झाली.

"आरं, कुणी विचारलंच न्हाई!" काका मोबाइल हलवत राहिले, जणू त्यात कुणी अडकलंय. मग कंपनीच्या पोरीला फोन लावून म्हणाले, "बाई, तुमच्याकडं पुकारणारा हाय, का मेला?"

अडकित्ते जमवणाऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. चार दिवसांनी तिथं घोड्याचा फोटो पडला. टाकणारी सोनपेठची निवृत्त नर्स होती. काकांनी तिचा नंबर फिरवला आणि तोंडाला येईल ते बोलले. सगळा जन्म वॉर्डात शिव्या ऐकलेली ती बाई. तिनं त्यांना पुरतं बोलू दिलं.

"झालं, भाऊ? आता माझं ऐका," ती म्हणाली. काकांनी फोन स्पीकरवर टाकला होता. "आधी बोली लावली की पुण्या-मुंबईच्या व्यापाऱ्यांना कळतंय, हे कुणाला तरी पायजे. मग ते भाव चढवीत नेतात. त्यांच्यापुढं मी काय टिकणार? म्हणून गप बसायचं आन शेवटच्या सेकंदाला लावायची. माझ्यासारखीला तेवढाच एक सेकंद मिळतो."

"ह्यो न्याव न्हाई."

"तुमच्या मोंढ्यात पैसेवाल्याला पायजे तेवढा वेळ मिळायचा. तो न्याव व्हता का?"

  काका मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "जिंतूरला या एकदा. जेवायलाच या."

सिस्टर आल्या. काकूंनी धपाटे केले. उंच, सावळी बाई. कपाळावर डाव्या भुवईच्या वर एक जुना व्रण. काकांनी भिंतीवरचा एकेक अडकित्ता काढून त्यांच्या हातात दिला. निघताना दोघांचं ठरलं: कुणाला एखादी वस्तू फारच हवी असली तर आधी सांगायचं, दुसऱ्यानं बोली लावायची नाही. "शब्द म्हंजे शब्द," काका म्हणाले. त्यानंतर सिस्टर दोन-तीनदा आल्या. येताना काकूंसाठी कधी गजरा, कधी गुडघ्याला लावायचं तेल आणायच्या.

एक दिवस त्यांचा फोन आला. मी तिथंच होते, काकांनी तो स्पीकरवर टाकला. "भाऊ, सापडला. राघूचा. डाव्या राघूची चोच तुटलेली हाय. आमचाच."

तो त्यांच्या घरातला, दोन राघूंच्या घाटाचा अडकित्ता होता. आई गेल्यावर भावानं भांड्यांबरोबर मोडीत घातलेला. सिस्टर लहान असताना बापानं तो आईवर भिरकावला, आई वाकली आणि तो मागं उभ्या असलेल्या सिस्टरांच्या कपाळाला लागून मागच्या भिंतीवर आदळला. चोच तिथंच तुटली. तो शोधता शोधताच त्यांना बाकीच्यांचा नाद लागला होता.

"घेऊन काय करणार, सिस्टर?" काकांनी विचारलं.

"गंगेत टाकणार." आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. "मला तो कुणाच्याच घरात नको. भाऊ, तेवढा माझ्यासाठी सोडा."

"सोडला," काका म्हणाले.

रविवारी दुपारी हर्राशी संपणार होती. काका माझ्याकडे येऊन बसले, माझ्याकडचं नेट चांगलं म्हणून. सिस्टरांना मिळतोय का हे बघायला आले असतील असं मला वाटलं. शेवटी आकडे भराभर बदलले. काकांचा अंगठा एकदाच खाली गेला. मी वाकून पाहिलं, तर वर त्यांचंच नाव होतं.

"काका, तुम्ही शब्द दिला होता."

"तिनंच शिकवलं शेवटच्या टायमाला कसं मारायचं. आमी शिकलो." चेहऱ्यावर लाज नव्हती, एक ताजेपणा होता, अंघोळ करून आल्यासारखा. "माझा घोडा नेला तवा मला कुणी विचारलं व्हतं? आन असली वस्तू पाण्यात घालायला निघालीय. येडी बाई."

पार्सल आलं त्याच आठवड्यात सिस्टर आल्या. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. पाणी प्याल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला पडले तेवढे घ्या, वर तुम्ही म्हणाल ते घ्या. मला द्या."

"असं कसं? रीतसर हर्राशी करू," काका म्हणाले. "हितं घड्याळ न्हाई, सेकंद न्हाई. पायजे तेवढा वेळ घ्या. बाई, तुमी साक्षीला बसा." मला त्यांनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

"काका, हे बरं नाही," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

टेबलावर टॉवेलची घडी ठेवून त्यावर त्यांनी राघू ठेवला. सिस्टरांनी आकडा सांगितला. काकांनी त्यावर चढवला. त्यांनी पुन्हा सांगितला, काकांनी पुन्हा चढवला. कितीतरी वर्षांनी त्यांचा मोंढ्यातला आवाज लागला होता, आणि तो त्यांचा त्यांनाच गोड लागत होता. सिस्टर प्रत्येक वेळी थोडं थांबून, मनाशी काही जुळवून बोलायच्या. मग एकदा थांबल्या त्या थांबल्याच.

काकांनी पंजा वर धरला. "कुणी राह्यलं का?"

सिस्टरांची नजर राघूवरून हलली नाही. काका खरंच थांबले होते, घाई करत नव्हते. ती सवड बघवत नव्हती.

"कुणी राह्यलं का?"

"मी राह्यले," स्वयंपाकघराच्या दारातून काकू म्हणाल्या.

त्या बाहेर आल्या. मनगटं सुजलेली, पाटल्या निघेनात. त्यांनी तांब्यातलं पाणी हातावर घेतलं आणि कातडी सोलवटेपर्यंत ओढून एकेक पाटली काढली. दोन्ही राघूशेजारी ठेवल्या.

"ह्या. सिस्टरांच्या नावानं."

काका पाटल्यांकडे बघत राहिले आणि मग हसले. अडत्याचा किस्सा सांगताना हसायचे तसंच. "माझ्या पैशानं घडवलेल्या पाटल्या. माझ्याच घरात माझ्यावरच बोली? तुझं काय हाय गं त्यात? बाद!" आणि पंजा टेबलावर आपटला. "संपली हर्राशी."

सिस्टरांनी पिशवी उचलली. "येते, ताई."

"थांबा, स्टँडपर्यंत येते," काकू म्हणाल्या. त्यांनी चपला घातल्या. पाटल्या टेबलावर तशाच होत्या. मला वाटलं, सिस्टरांना बसवून देतील आणि येतील. परभणीच्या बसमध्ये सिस्टरांबरोबर त्याही चढल्या आणि परभणीला लेकीच्या घरी उतरल्या.

"येती. जाती कुठं," काका दोन-तीन दिवस म्हणत होते. मग म्हणायचे थांबले.

त्यानंतर ते वर्षभरही जगले नाहीत. जेवणाचा डबा मी पाठवायचे. त्यातही भाजीला मीठ कमी, भाकरी कडक, असं काहीतरी निरोपात यायचंच. काकूंचा फोन माझ्याकडे यायचा. "बीपीची गोळी घेत्यात का?" एवढंच विचारायच्या. तुम्ही कधी येताय, असं मी म्हटलं की फोन ठेवायच्या. ते गेल्यावर तेरा दिवसांसाठी आल्या, राघू माझ्याजवळ देऊन सोनपेठला पोचवायला सांगितला आणि घराला कुलूप लावून परत गेल्या. मी तो पोचवला. सिस्टरांनी तो पदराखाली घेतला आणि मला चहा विचारला. पुढं त्याचं काय केलं, मी विचारलं नाही.

पण मला काका आठवतात ते त्याआधीचे. एका सकाळी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ते निघाले. हातात रुमालाची पुरचुंडी. "परभणीला जाऊन येतो," म्हणाले. पुरचुंडी उघडून दाखवली. पाटल्या होत्या, आणि राघू होता. "तिलाच देतो. करू दे काय करायचं ते." असं नरम बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

ऊन कलायच्या आत परत आले. स्वतःच्या घरात न जाता माझ्या पायरीवर बसले. पुरचुंडी मांडीवर, गाठ तशीच.

"भेटल्या का?"

"लेक म्हणाली, आई झोपलीय."

"थोडं थांबायचं होतं, काका. उठल्या असत्या."

"थांबलो की. लय वेळ थांबलो." ते समोरच्या आपल्या दाराकडे बघत होते. "बाई, आतून काचंच्या बांगड्या वाजत व्हत्या. झोपलेल्या माणसाच्या वाजत न्हाईत."

मी चहा ठेवायला आत गेले. कप घेऊन आले तर पायरीवर कुणी नव्हतं.