राखेतला हात

"ही आजी राखेत काय शोधतेय गं?" एक पाहुणी मैत्रिणीला म्हणाली. दोघी हसल्या. मी पाठ फिरवून तंबूच्या खुंट्या उपटत राहिले.

अक्का काही शोधत नव्हती. आदल्या संध्याकाळच्या शेकोटीत मनगटापर्यंत हात खुपसून ती नुसती बसली होती. मग म्हणाली, "गरम शे अजून," आणि कळशी उपडी केली.

साक्रीच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी तिचं घर. पाठीवर बॅगा लावून फिरणाऱ्या पोरापोरींना मी शनिवारी जळगावहून तिथे मुक्कामाला न्यायचे. त्यांच्याशी बोलणं हे माझं काम, आणि तेच मी सगळ्यात कमी करायचे.

समोरचा डोंगर गावाने राखलेला. ठरलेल्या दिवसाआधी तिथलं गवत कोणी कापत नाही. गावची गुरं उन्हाळाभर त्यावरच जगतात. पाहुणे नेमके तेव्हाच येतात, गवत वाळून सोनेरी झालं की. फोटो छान येतात. शेकोटीही हवीच असते, मग फांद्या मोडल्या जातात.

"अक्का, शेकोटी बंद करू या का?" मी एकदा हळूच विचारलं.

"पाव्हना येतस म्हनीसन पोऱ्या घर ऱ्हास," ती म्हणाली. पाहुणे येऊ लागण्याआधी तिचा मुलगा दरवर्षी बायकोला घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जायचा.

"आणि वारा सुटला तर?"

"तं बठ्ठं जयी जाई."

सगळं जळून जाईल, एवढंच. त्यानंतर मलाही शेकोटीकडे पाठ करून झोपता येईना.

सून चिडवायची, "आमच्या सासूबाई भाकरीपेक्षा राखच जास्त थापतात!" अक्का मान न वळवता म्हणायची, "तुन्या भाकरीपेक्षा राख बरी."

मग एका दुपारी कोणीतरी वर डोंगरात चहासाठी तीन दगड मांडले. धूर दिसला तेव्हा अक्का ताटं घासत होती. ओलं गोणपाट घेऊन ती धावली, तिच्यामागे गाव. मीही. वाळलं गवत पेटलं की जोरदार पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. तो आवाज आमच्याकडेच येत होता. ऐन वेळी वारा फिरला, म्हणून एका पट्टीवर भागलं. अक्काचे दोन्ही तळहात भाजले.

ती अजून धुळ्याला लेकीकडे आहे. मुठी मिटत नाहीत, असं सून सांगते.

गेल्या शनिवारी नवे पाहुणे आले. एकाने अंगणात लाकडं रचलीसुद्धा. "कॅम्पफायर आहे ना? नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो."

अक्काचा मुलगा हातात काडेपेटी धरून माझ्याकडे बघत होता. त्याच्या मागे डोंगरावरची ती काळी पट्टी. झुळूक आली आणि अंगणातली एक पत्रावळ सरकत कुंपणापर्यंत गेली. मी त्याच्या हातातून काडेपेटी घेतली.

"शेकोटी नाही," मी म्हणाले. "आत या, चुलीपाशी बसा."