धाकटीची रक्ततपासणी

रक्त घेण्यात थोरलीचा हात इतका हलका, की लॅबमधले म्हातारे पेशंट तिच्याच खुर्चीसाठी अडून बसायचे. "तुझ्याकडे डासांनी शिकवणी लावावी," एक आजोबा दरवेळी म्हणायचे. ती हसायची, पण नजर त्यांच्या शिरेवरून हलत नसे.

तीच नजर सहा वर्षं धाकटीवर होती.

धाकटी तेराची असताना तिच्या दप्तरात खोकल्याच्या औषधाच्या तीन रिकाम्या बाटल्या सापडल्या. "खोकलाच झालाय गं तिला," थोरलीनं आईला सांगून प्रकरण मिटवलं. पंधराव्या वर्षी हुंगायला थिनरचा बोळा, सतराव्या वर्षी नशेच्या गोळ्या. तोवर थोरली लॅबच्या कोर्सला लागली होती. तिथे शिकवणाऱ्या बाई एकदा म्हणाल्या, जितक्या लहानपणी नशेची सुरुवात, तितकी पुढे सुई हातात येण्याची भीती जास्त. त्यानंतर थोरलीनं धाकटीला फक्त अर्ध्या बाह्यांचे कपडे आणले.

"पहारा करतेस ना माझ्यावर?"

"उकडतंय म्हणून आणले."

"या थंडीत?"

दोन वर्षं सगळं शांत होतं. धाकटीला छापखान्यात नोकरी मिळत होती, फक्त रक्ततपासणीचा कागद हवा होता. ती लॅबमध्ये थोरलीच्या खुर्चीत ऐटीत बसली.

"ताई, दुखलं तर पैसे परत."

"गप बस. मूठ आवळ."

थोरलीनं रबरी पट्टा बांधला. दोन्ही हात स्वच्छ, एक ओरखडासुद्धा नाही. तिला हायसं वाटलं. सुई आत गेली, तिच्या बुडाशी रक्ताचा ठिपका उमटला. इथे बहुतेक जण मान फिरवतात. धाकटी टक लावून बघत होती. ठिपका दिसताक्षणी तिचा मोकळा हात आपसूक उठला आणि तिनं पट्टा ओढून सोडला.

थोरलीनं नजर पट्ट्यावरून तिच्या चेहऱ्याकडे नेली.

"हे कुणी शिकवलं?"

"काय?"

"रक्त दिसलं की पट्टा सोडायचा, हे."

"टीव्हीत दाखवतात की."

"टीव्हीत नाही दाखवत. नळी भरेपर्यंत पट्टा राहतो; टोचून घेणाराच तो लगेच सोडतो."

दारातून शिपाई डोकावला. "पुढचे पाठवू का?"

"थांबा!"

दार पटकन लागलं. थोरलीला एक सणसणीत ठेवून द्यायची होती. पण सुई शिरेत होती, हात हलवणं शक्य नव्हतं. म्हणून आवाज पार खाली आला.

"कुठे टोचतेस?"

धाकटीनं स्वतःच्या पावलांकडे पाहिलं.

"किती वेळा?"

"तीनदा. आईशप्पथ, तीनदाच. गेल्या महिन्यात."

"सुई कुणाची?"

धाकटी दाराकडे बघू लागली.

"छोटे, सुई कुणाची होती?"

"तिघांत एक."

थोरलीनं श्वास घेतला. "अजून एक नळी भरते. छापखान्यासाठी नाही, तुझ्यासाठी, एचआयव्ही आणि कावीळ बघायला. नको म्हणालीस तर सुई काढते."

"काही निघालं तर?"

"औषध सुरू करायचं. मी येते बरोबर."

"आणि आईला?"

"तू सांगायचं. मी शेजारी बसेन."

धाकटीचे डोळे भरले, पण हात तिनं तसूभरही हलवला नाही. "भर."

नळी भरली. थोरलीनं कापूस दाबून धरला आणि दुसरा फॉर्म पुढे सरकवला. निकाल कुणाला कळवायचा, तिथे ती स्वतःचा नंबर लिहू लागली. धाकटीनं तिच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"माझा लिहिते," ती म्हणाली. "पण फोन आला की तू तिथे हवीस."